दोषनिवेदनाची रीत आणि मराठी अक्षर

'ईमॅक्स' ही मजकूर-संपादनाची संगणकप्रणाली आपल्या अभ्यासकांपैकी थोड्यांच्याच वापरात असेल. तथापि तिच्या मार्गदर्शिकेतील एक प्रकरण भाषाशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे अशा योग्यतेचे आहे. प्रणालीतील दोष, ज्यांना व्यवहारात 'बग' म्हणतात, ते कसे ओळखावेत आणि दुरुस्ती करणारांस कसे कळवावेत, हा त्या प्रकरणाचा विषय. वरकरणी तो तांत्रिक वाटतो. परंतु साक्ष कशी द्यावी हाच त्यातला मूळ प्रश्न होय, आणि बोलींचे नमुने टिपून घेणारास तो टाळता येत नाही.

ईमॅक्सची पहिली आवृत्ती १९७६ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत तयार झाली. आज प्रचलित असलेली 'ग्नू ईमॅक्स' ही रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ पासून लोकांच्या हाती दिली. लिस्प या भाषेच्या साहाय्याने वापरणाराने आपल्या गरजेप्रमाणे ती बदलून घ्यावी, हे तिचे वैशिष्ट्य. त्यामुळे एकाची ईमॅक्स दुसऱ्याच्या ईमॅक्ससारखी नसते, व दोष कोणाचा हे ठरविणे अवघड होऊन बसते. म्हणूनच मार्गदर्शिका सांगते की, तक्रार करण्यापूर्वी प्रणाली कोरी, म्हणजे स्वतःचे सर्व फेरफार वगळून, सुरू करावी आणि दोष तरीही उद्भवतो काय ते पाहावे. न उद्भवल्यास आपल्या फेरफारांपैकी निम्मे बाजूस काढावेत. मग उरलेल्यांचे निम्मे. असे करीत मुळाशी जावे.

या प्रकरणाचा गाभा मात्र वेगळाच आहे. घडले ते सांगा, त्याचे कारण सांगू नका, असा त्याचा आग्रह आहे. एखादी मोठी फाइल उघडताच पडद्यावर भलतेच वाक्य उमटले, तर 'मोठी फाइल उघडल्यामुळे असे झाले' असे लिहिणे चूक. फाइलचे पूर्ण नाव, दाबलेल्या कळा आणि उमटलेले वाक्य एवढेच लिहावे. कारण दोष फाइलच्या आकारात नसून तिच्या नावातील एखाद्या अक्षरातही असू शकेल. 'मोठी' या विशेषणाने निवेदकाने आपले अनुमान साक्षीत मिसळलेले असते. डॉ. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या पाहणीतील 'कुडाळी' हा खंड १९६५ साली प्रसिद्ध झाला. तो ज्यांनी चाळला असेल त्यांना ही शिस्त परकी वाटणार नाही. आधी रूप नोंदवायचे, व्युत्पत्ती मागाहून.

येथपर्यंत मार्गदर्शिकेशी वाद नाही. 'घडले ते' निवेदकाच्या डोळ्यांना दिसतेच, हे जे तिने गृहीत धरले आहे तेथे मात्र आमचा मतभेद आहे. रोमन लिपीत हे गृहीत बहुतांशी टिकते. मराठीत ते कोठे फसते हे पाहण्यास मालवणच्या किनाऱ्याइतके सोयीचे ठिकाण नाही.

'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द घ्यावेत. पहिला फारसीतून आलेला. तेथे रफार आहे, आणि पूर्वीचे अक्षर गुरू होते. दुसरा 'दरी'चे अनेकवचन. तेथे आडवा अर्धा र आहे, आणि पूर्वीचे अक्षर लघूच राहते. हा आडवा र किनाऱ्यावरच्या बोलण्यात पदोपदी येतो, कारण रा-कारान्त व री-कारान्त शब्दांची रूपे त्याच्यावाचून होत नाहीत : वारा–वाऱ्यावर, खारा–खाऱ्या पाण्यात, दोरी–दोऱ्या, मोरी मासा–मोऱ्या. युनिकोड संकेतव्यवस्थेत मात्र हे एकच अक्षर दोन मार्गांनी लिहिता येते. एका मार्गात नुक्ता असलेला ऱ, हलन्त चिन्ह आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त चिन्ह, त्यापुढे 'शून्य रुंदीचा संयोजक' नावाचे अदृश्य चिन्ह आणि मग य. हा दुसरा मार्ग युनिकोडच्या जुन्या, दुसऱ्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेला आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर नुक्त्याच्या ऱ ला स्वतंत्र कळ असल्यामुळे पहिला क्रम सहज पडतो. उच्चारानुसारी टंकनपद्धतींपैकी काहींत दुसरा पडतो. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखेच. युनिकोडचे प्रमाणीकरणाचे नियमही या दोहोंस एक करीत नाहीत.

परिणाम असा की, दोघांनी टंकलेल्या निवेदनसंग्रहात 'किनाऱ्यावर' हे रूप शोधले असता एकाच्या टंकनातील उदाहरणे सापडतात व दुसऱ्याची सापडत नाहीत. शब्दांची वारंवारता मोजणारा विद्यार्थी निम्मी संख्या घेऊन निष्कर्ष काढील आणि त्याला संशयही येणार नाही. आता त्याने दोष कळवावा तर काय लिहावे? 'किनाऱ्यावर हा शब्द शोधला, समोर असूनही सापडला नाही', असे मार्गदर्शिकेच्या आज्ञेप्रमाणे तो प्रामाणिकपणे लिहील. पण त्याच्या साक्षीत खरी वस्तुस्थिती आलेलीच नसेल. येथील वस्तुस्थिती म्हणजे संकेतांचा क्रम, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. तो दाखविण्याची सोय ईमॅक्समध्ये उत्तम आहे : अक्षरावर जाऊन पृच्छा केली असता त्याचा संकेतक्रमांक, नाव व जोडणी ही सर्व माहिती मिळते. नागरीसारख्या लिपीत लिहिणाराने ही पृच्छा प्रथम करावी, असे दोषनिवेदनाच्या प्रकरणाने ठळकपणे सांगावयास हवे होते.

मग हा दोष कोणाचा? ईमॅक्सचा म्हणावा, तर ती दिलेले संकेत जसेच्या तसे शोधते. याहून सैल शोधाची सोय तिच्यात २०१६ पासून आहे. तीत चिन्हांकित अक्षर व मूळ अक्षर एक मानले जाते, जे फ्रेंच मजकुरास सोयीचे आहे. परंतु ते तत्त्व मराठीस सरसकट लावल्यास र आणि ऱ एक होऊन दर्या दऱ्यांत मिसळेल. म्हणजे हवा आहे तो शोध फार काटेकोरही नसावा आणि सैलही नसावा. मार्गदर्शिकेला ही शक्यता ठाऊक आहे. आज्ञा ठरल्याप्रमाणे चालत असली तरी तिची ठरलेली व्याख्याच उणी असू शकते, व तेही कळवावे, असे तीत म्हटले आहे. एवढेच नव्हे, मार्गदर्शिका समजत नसेल तर तो तिचाच दोष समजावा, ही तिची भूमिका आहे. असे औदार्य आपल्या क्रमिक पुस्तकांत क्वचितच आढळते.

दोन अडचणी तरीही उरतात. निवेदन शक्यतो इंग्रजीत लिहावे, कारण इतर भाषांचे भाषांतरकार सहसा उपलब्ध नसतात, अशी सूचना प्रणाली स्वतःच देते. ती रास्त आहे. पण त्यामुळे मराठी निवेदकावर दुहेरी काम पडते : त्याला दोष सांगावा लागतो आणि आडवा र म्हणजे काय हेही, ज्याने तो कधी उच्चारलेला नाही अशा वाचकाला, समजावून द्यावे लागते. यासाठी 'दर्या–दऱ्या' यांसारखी अल्पतम भेदाची जोडी पुरते, आणि ती निवडण्याचे शिक्षण आपल्या विद्यार्थ्यांना मिळालेलेच असते.

दुसरी अडचण आम्हांला अधिक गंभीर वाटते. ईमॅक्स बदलता येते, म्हणून कळवण्याची गरजच वाटत नाही. फाइल जतन होण्यापूर्वी दुसरा क्रम पहिल्यात बदलणारी चार ओळींची लिस्प-आज्ञा कोणीही लिहील व निश्चिंत होईल. अशा घरगुती डागडुजीने त्याचा संग्रह सुधारतो, परंतु शेजाऱ्याचा तसाच राहतो. शिवाय मूळ टंकन पुसले गेल्यामुळे कोणत्या पद्धतीने कोणता क्रम पडला याचा पुरावाही नाहीसा होतो. मूळ प्रत राखून, संकेतक्रमांकांसह निवेदन पाठविल्यानंतरच ती आज्ञा वापरावी, असे आमचे मत आहे.

हा प्रश्न नागरीपुरता राहणार नाही. मोडी लिपीस युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले, आणि २०२३ साली निघालेल्या ईमॅक्सच्या २९व्या आवृत्तीत मोडी टंकण्याची व्यवस्था आली. जुने मोडी कागद टंकून शोधण्याजोगे करावेत असा विचार जे विद्यार्थी करीत असतील, त्यांच्यासमोर असेच दोष येतील. आणि ते ओळखू शकेल असा मोडी वाचणारा मनुष्य दुरुस्ती करणारांत असेलच असे धरून चालता येणार नाही.