गाविलगडाची वाट आणि 'निर्मनुष्य' हा शब्द

मराठीत डोंगरावर लिहिणाऱ्यांची वाण नाही. गडकोट, घाटवाटा, जंगलभटकंती यांवरच्या लेखनाला हुकमी वाचक आहे, प्रतिष्ठा आहे, पाठ्यपुस्तकांत जागा आहे. हे लेखन बहुतांशी सह्याद्रीभोवती फिरते. सातपुड्याच्या वाट्याला त्यातले थोडे येते. दुर्गभ्रमणाला मराठीत मानाचे स्थान मिळवून देणारे गो. नी. दांडेकर १९१६ साली परतवाड्याला, म्हणजे चिखलदऱ्याच्या ऐन पायथ्याशी जन्मले, हे मात्र आपण वऱ्हाडातले लोक अभिमानाने सांगतो. सांगावेही. परंतु अभिमान म्हणजे समीक्षा नव्हे. या संपूर्ण लेखनप्रकारात वारंवार भेटणाऱ्या एका शब्दाची मला इथे झडती घ्यायची आहे. तो शब्द म्हणजे 'निर्मनुष्य'.

आधी वाट सांगतो. परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याच्या पठारावर यायचे, शक्कर तलाव आणि कालापाणी ही उंचावरची तळी मागे टाकायची, गाविलगडाच्या तटाआतले देवतळे आणि मच्छी तलाव पाहायचे आणि मग वैराटचा माथा गाठायचा. समुद्रसपाटीपासून ११७८ मीटर. दक्षिणेकडे वऱ्हाडचे सपाट काळे रान. उत्तरेकडे रांगांमागून रांगा तापीच्या खोऱ्याकडे उतरत जातात आणि त्यांच्या पलीकडे मध्य प्रदेश. वऱ्हाडच्या सीमेवरचा हा माथा. मी ही वाट दोनदा चाललो आहे. पाय भरून येतात, छाती भात्यासारखी चालते आणि माथ्यावर वारा लागला की माणूस खरोखरच आनंदतो. हा आनंद खोटा आहे असे मी म्हणत नाही. त्या आनंदातून जे साहित्य निर्माण होते ते काय पाहते आणि काय गाळते, एवढाच माझा प्रश्न आहे.

या डोंगरात कोरकू राहतात. त्यांची भाषा मुंडा कुळातली आहे. त्या भाषेत 'कोर' म्हणजे माणूस आणि 'कु' हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे. ज्यांनी स्वतःला 'माणसे' हेच नाव घेतले त्यांच्या रानाला आमचा पांढरपेशा प्रवासी निर्मनुष्य म्हणतो! चिखलदरा हे नाव कीचकाच्या दरीवरून पडले आणि वैराट म्हणजे विराटाची नगरी, असे प्रत्येक माहितीपुस्तकात छापलेले असते. महाभारतातल्या राजाला या माथ्यावर घर मिळाले. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कोरकूला मात्र प्रवासवर्णनात फार तर शेकोटीपुरती जागा मिळाली.

मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात पहिल्याने घोषित झालेल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. पुढे त्याच्या गाभा क्षेत्रातून जी गावे हलवण्यात आली त्यांत वैराट आहे, चुर्णी आहे, पस्तलई आहे. वाघ वाचला पाहिजे याबद्दल माझे दुमत नाही, आणि मोबदला घेऊन आपणहून उतरलेली कुटुंबेही आहेत. परंतु म्हणूनच आज वैराटवर दिसणारी शांतता ही निसर्गाने दिलेली नाही. ती शासननिर्णयाने घडवलेली आहे. 'निर्मनुष्य' हे विशेषण लावून लेखक एका घटनेचे रूपांतर दृश्यात करतो. गाव उठले ही घटना. सुंदर शांतता हे दृश्य. इतिहास पुसून जे सौंदर्य उरते त्याला निर्मळ म्हणणारे सौंदर्यशास्त्र आम्हाला मान्य नाही.

ओझ्याचेही तेच. डिसेंबर १८०३ मध्ये वेलस्लीने गाविलगड घेतला. त्याच्या सैन्याने अवजड तोफा उत्तरेच्या बाजूने दऱ्याखोऱ्यांतून नेल्या. रस्ता नव्हता, तो करत करत आणि जवळजवळ सगळी वाट हातांनी ओढत त्या वर चढवल्या. १५ डिसेंबरला गड पडला. वेलस्लीचे नाव राहिले, किल्लेदार बेनीसिंगाचेही राहिले. दोर ओढणारे हात निनावी गेले. त्या अर्थाने तीही गिर्यारोहणाचीच मोहीम होती, पण तिची भ्रमणगाथा कोणी लिहिली नाही. गावोगावचा महार वाटाड्या म्हणून साहेबापुढे चालला, त्याचे ओझे त्याने पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवले. त्याच्या लेखी डोंगर चढणे हा छंद नव्हता, वेठ होती. वाट ज्याला पाठ होती त्याच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्याच्या हाती लेखणी होती त्याला वाट दाखवावी लागत होती. मराठी प्रवासवर्णनाचा जन्म या श्रमविभागणीत आहे.

आता पाण्याकडे येतो. अकोट तालुक्यातला नरनाळा हा या रांगेतला दुसरा मोठा दुर्ग; मधे नरनाळा, पूर्वेला जाफराबाद, पश्चिमेला तेलियागड. गडावर पाणी साठवण्याची व्यवस्था पाहून थक्क व्हायला होते. तिथला शक्कर तलाव प्रसिद्धच आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने या गडाच्या चढाईवर निबंध लिहिला. मुलगा पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला, बौद्ध वस्तीतला. तळ्याकाठी पोचल्यावर त्याने इमारतींचे वर्णन केले नाही. त्याने पाण्याची चव लिहिली. आपल्या गावच्या विहिरीच्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे लिहिले. पूर्वी गोड पाण्याची विहीर गावात एकच होती आणि तिच्यावर आजीला पोहरा टाकता येत नव्हता, हेही लिहिले. परीक्षकांनी त्या ओळींखाली तांबडी रेघ मारून शेरा दिला : विषयांतर.

मी हा शेरा महत्त्वाचा मानतो. तो एका परीक्षकाचा नाही, तो अभिजन अभिरुचीचा आहे. तिच्या मते तळे हे प्रतिबिंब पाहण्यासाठी असते. तहान हे विषयांतर! परंतु ज्या समाजाला १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला त्या समाजातला मुलगा डोंगरमाथ्यावरच्या तळ्याकडे नुसता पाहत कसा उभा राहील? शिवाय त्या निबंधात भूगोलही अधिक खरा होता. सातपुड्यावर पडणारा पाऊस वान आणि शहानूर या नद्यांतून खाली येतो आणि त्यांच्या धरणांतले पाणी नळाने खारपाणपट्ट्यातल्या गावांना जाते. डोंगर आणि गाव यांचा संबंध त्या मुलाने दाखवला. तथाकथित ललित लेखनाने तो तोडला.

कोणी म्हणेल, दलित समीक्षक प्रत्येक फुलाचा जातीचा दाखला मागतात. आक्षेप जुना आहे. मी दाखला मागत नाही, दृष्टी मागतो. दांडेकर लहानपणीच घर सोडून रस्त्यावर आले, गाडगेबाबांच्या सहवासात राहिले. पायपीट त्यांनी हौसेने विकत घेतलेली नव्हती. म्हणजे हा केवळ पैशाचा आणि फुरसतीचा प्रश्न नाही. गाडगेबाबांचेच पाहा. तेही आयुष्यभर चालले. पण यात्रेकरू रात्री निजतो कुठे, हा प्रश्न त्यांच्या चालण्याला पडला आणि त्यातून धर्मशाळा उभ्या राहिल्या. चालणाऱ्याला कोणता प्रश्न पडतो, यावर त्याचे साहित्य ठरते.

आपल्या साहित्याकडेही एक बोट दाखवले पाहिजे. दलित साहित्यात गावकुस आहे, झोपडपट्टी आहे, शहरातला फुटपाथ आहे. डोंगर जवळजवळ नाही. कारण उघड आहे, पण कारण कळले म्हणजे उणीव भरत नाही. चालणे तर आपल्या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे. महाडला माणसे चालत तळ्यापर्यंत गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीच्या परिषदेत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न उभा राहिला. १९७९ मध्ये नामांतरासाठी नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. आणि जानेवारी २०१९ मध्ये केलपाणी, गुल्लरघाट इथले पुनर्वसित आदिवासी, खाली सुविधा मिळत नाहीत म्हणून, बायकापोरांसह पुन्हा मेळघाटचा डोंगर चढून आपल्या जुन्या गावी गेले. तिथे वनखात्याशी आणि पोलिसांशी त्यांचा संघर्ष झाला, दोन्हीकडची माणसे जखमी झाली. अलीकडच्या काळातली सातपुड्यातली सर्वांत अवघड चढाई मी हिलाच म्हणेन. वर्तमानपत्रांनी तिची बातमी केली. तिचे साहित्य अजून व्हायचे आहे.

ते आपण केले पाहिजे. आज आपली मुले-मुली महाविद्यालयांच्या शिबिरांतून गाविलगड चढतात, नरनाळा चढतात. त्यांनी जरूर चढावे. वाऱ्याचा आनंद घ्यावा, तोही आपला हक्क आहे; आनंद अभिजनांना बहाल करून आपण फक्त दुःख लिहीत बसण्याचे कारण नाही. मात्र वैराटवर उभे राहून वही उघडली की पहिल्या ओळीत सूर्यास्त न येता 'इथे गाव होते' हे वाक्य यावे. तळ्याचे नाव लिहिताना त्या पाण्याची चव लिहावी. कोणी तांबडी रेघ मारलीच तर त्या ओळी जशाच्या तशा या नियतकालिकाकडे पाठवाव्यात.