पाचवा शनिवार

बत्तीस वर्षं मी मुलांकडून कवितांची रसग्रहणं लिहून घेतली. त्यातली निम्मी गाइडातली असायची आणि उरलेली शेजारच्या बाकावरची. निवृत्तीनंतर एखादं रसग्रहण आपणही लिहावं असं वाटलं, तर हाताशी आली आत्तीची हिशेबाची वही.

इचलकरंजीत आत्तीच्या माळ्यावरची ट्रंक उतरवताना ती सापडली. दोनशेपानी, आखीव, पुठ्ठ्यावर रॉकेलचा डाग. साल २००४. मी ती घेऊन उंबऱ्यात बसलो, तशी आत्ती आतून म्हणाली, "त्यात काय हाय रं वाचण्यासारखं?"

आत्तीचे यजमान, म्हणजे आमचे मामा, यंत्रमागावर कामाला. मजुरी कापडाच्या मीटरवर आणि पगार शनिवारी. वीज गेली की माग थांबायचा, माग थांबला की मीटर थांबायचे आणि शनिवारचं पाकीट हलकं व्हायचं. त्यामुळे वहीतला पगार कधी ७१०, कधी ५४०. लागोपाठच्या दोन शनिवारी एकच आकडा मला तरी कुठे दिसला नाही.

पहिलं पान ३ जानेवारीचं. डोक्यावर 'श्री', मग पाच ओळी. पगार ६५५. पोस्ट ५०. भाडं ३००. यांना २०. शि. २८५.

कवितेत शब्दांचा क्रम बघा असं मी वर्गात घसा कोरडा होईतो सांगायचो. इथे तो बघण्यासारखा आहे. पोस्ट भाड्याच्या आधी आलंय. घरमालक जिन्यात उभा राहून ओरडू शकतो, पोस्ट काही ओरडत नाही, म्हणूनच बहुधा तिनं ते वर घेतलं असावं. पोस्ट म्हणजे पाच वर्षांचं आवर्ती खातं, महिन्याला पन्नास रुपये. पैसे न्यायला एजंटबाई घरी यायच्या. १९७२ साली सुरू झालेल्या महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेतल्या. त्याही हुशार, महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी दारात हजर. पाकीट फुटल्यावर आणि वाण्याकडे जायच्या आत.

आणि ते 'यांना २०'. नवऱ्याचं नाव कागदावरसुद्धा घ्यायचं नाही, पण त्याच्या चहा-तंबाखूला मर्यादा मात्र घालायची! जूनमध्ये एकदा 'यांना ३०' लिहिलंय, मग तिनाचा दोन केलाय. त्या गिरवलेल्या दोनामागे एक अख्खं भांडण असणार. आत्तीला विचारलं तर ती नुसती हसली.

पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला मात्र एक कोडं होतं. एकाखाली एक चार शब्द: जाने., मे, जुलै, ऑक्टो. खाली दुहेरी रेघ. पुढेमागे काही खुलासा नाही. मला आधी कुणाच्या तरी जन्मतारखा वाटल्या. उलगडा झाला तो ३१ जानेवारीच्या पानावर. तिथे तारखेशेजारी चौकोनात एकच शब्द आहे, 'पाचवा'.

वर्षात आठवडे बावन्न आणि महिने बारा. चार-चार पगारांनी अठ्ठेचाळीस होतात, चार उरतात. हे चार पगार ज्या महिन्यांत पडतात, त्यांत शनिवार पाच येतात. २००४ साली ते महिने होते जानेवारी, मे, जुलै आणि ऑक्टोबर. आत्तीनं महिन्याचे खर्च चार शनिवारांवर बसवले होते. पहिल्यावर पोस्ट आणि भाडं, दुसऱ्यावर वाणी, तिसऱ्यावर दूध आणि लाइट, चौथ्यावर रेशन आणि रॉकेल. पाचव्या शनिवारी दारात मागायला कुणीच नाही. त्या आठवड्याचा भाजीपाला आणि 'यांना २०' सोडले तर पाकीट जवळपास अख्खं राहतं. सातवी शिकलेल्या बाईनं कॅलेंडर पुढ्यात घेऊन हे वर्षाच्या सुरुवातीलाच हेरून ठेवलं होतं. मी बी.एड. झालेला माणूस, मला बारा महिने एकसारखेच दिसत आले.

'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण मी शंभरदा फळ्यावर लिहिली असेल. कमी कमाईच्या घरी ती अर्धीच लागू पडते. इचलकरंजीत नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी बायका पिंप, घागर, कळशी, पातेलं, अगदी तांब्यासुद्धा भरून ठेवतात. तिथे थेंबांपेक्षा पाणी कुठल्या दिवशी येणार आणि तेव्हा भांडी रिकामी आहेत का, याला महत्त्व. आत्तीची वही त्याच हिशेबानं चालते. रकमा बघून कुणी भुलणार नाही, तिची सगळी कारागिरी तारखांत आहे.

तर ३१ जानेवारी. पगार ६४०. यांना २०. मिर्चीला ३८०. हातात २४०. वाचताना मी आधी 'मिर्ची' पाशी अडखळलो. ३८० रुपयांची मिरची? मग लक्षात आलं, ही वर्षाची चटणी. आमच्या कोल्हापूर भागात तिखटाला, मसाल्याला, सगळ्यालाच चटणी म्हणतात आणि ती उन्हाळ्यात एकदाच वर्षभराची होते. मिरची, खोबरं, धणे, तीळ, कांदा, लसूण, वर कांडपाचे पैसे. नवी मिरची फेब्रुवारी-मार्चला बाजारात येते तेव्हा ज्याच्याकडे एकगठ्ठा पैसे आहेत त्याला ती स्वस्त पडते. नसतील तर पावसाळ्यात तीच मिरची पावशेरानं आणायची, आणि पावशेरानं आणणारा गरीब किलोनं आणणाऱ्यापेक्षा नेहमी जास्त मोजतो. ते ३८० रुपये चटणीच्या बरणीखाली ठेवले होते असं आत्ती सांगते. नोटांना वास लागला होता म्हणे, पण बाजारात कुणी परत केल्या नाहीत.

मेचा पाचवा वह्या-पुस्तकं आणि धाकटीच्या गणवेशात गेला, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. जुलैचा मात्र सुंदर. त्या वर्षी श्रावण अधिक होता, १८ जुलैपासून. धोंड्याचा महिना, आणि थोरलीचं लग्न आदल्याच वर्षी झालेलं. म्हणजे नव्या जावयाला वाण आलंच. शर्टपीस १३०, अनारशाला ७५, तूप ४०, डाळ-गूळ, नारळ. असा महिना दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो आणि बऱ्याच घरांत तो अंगावर येतो. इथे तो ३१ जुलैच्या शनिवारी मुकाट्यानं येऊन बसलाय, जसा काही आमंत्रण देऊन बोलावला होता. ऑक्टोबरचं मात्र बिनसलं. ३० तारखेला आधी 'दिवाळी' लिहिलंय, ते खोडून वर 'दवाखाना ३४०'. मामांना टायफॉइड झाला होता. दिवाळी मग बोनसवर निभावली.

आता भाषेविषयी थोडं. घरोघरच्या हिशेबात एक शब्द सर्रास भेटतो, 'किरकोळ'. माझ्या डायरीत तर दर महिन्याला किरकोळ चारशे, किरकोळ सहाशे असे खड्डे आहेत. आत्तीच्या वहीत हा शब्द वर्षभरात एकदाही नाही. गजरा २. लिमलेट १. एसटी ६. सुई-दोरा ३. ज्याला नाव देता येत नाही तो खर्च करायचाच नाही, असा दंडक तिनं घातला होता की काय कोण जाणे; ती म्हणते, "किरकोळ लिव्हलं की दोन दिसांनी मलाच कळायचं न्हाई."

हातउसने दिलेले पैसे तिनं खर्चात धरलेत. शेजारणीला पन्नास दिले, खर्च. तीन आठवड्यांनी आले, जमा. मधल्या काळात ते पैसे तिच्या दृष्टीनं जगात नव्हतेच. आणि दिले का, तर मामा तापानं पडले त्या आठवड्यात याच शेजारणीचे शंभर जमेला दिसतात. बिनव्याजी, बिनकागदाचे.

पण टीकाकारानं दोषही दाखवायला हवा. सप्टेंबरात एका पतसंस्थेत तिनं १५०० ठेवले, भिशीचे आणि पापड लाटून मिळवलेले. व्याज पोस्टापेक्षा बरंच जास्त होतं. शेजारी नंतर कधीतरी वेगळ्या शाईनं लिहिलंय: 'अडकले. आले तर आले.' अख्ख्या वहीत आकडे सोडून बोललेलं हे एकच वाक्य. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, तेव्हा तो एक लाखापर्यंत होता, २०२० पासून पाच लाखांपर्यंत आहे, आणि सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. दोन्हींच्या पाटीवर 'सहकारी' असतं. काउंटरवर बसलेल्यानं हा फरक आत्तीला सांगितला नाही.

पोस्टाचं काय झालं ते दुसऱ्या एका वहीत आहे. मधे हप्ते चुकले, दंड भरला, पण लागोपाठ चार चुकले की खातं खंडित होतं हे एजंटबाईंनी बजावलं होतं. आत्ती तिथवर कधी गेली नाही. २००९ साली तीन हजारांचे ३६४४ रुपये ५० पैसे आले. पन्नास पैसेसुद्धा मांडलेत.

शेवटी एक पाठभेद. १४ ऑगस्टच्या पानावर बेरीज जुळत नाही. दोन रुपये कमी पडतात. तिनं त्या दोनाभोवती पेन्सिलीनं गोल काढलाय, कडेला प्रश्नचिन्ह. जुळवून टाकायला दोन रुपयांची कोथिंबीर लिहिली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

मी तिला ते पान दाखवलं. तिनं पदरानं चष्मा पुसला, वही हातात घेतली, बोटाला थुंकी लावून आधीचं पान उलटलं आणि ओठातल्या ओठात पुन्हा बेरीज सुरू केली. चहा ओतून झाला, गार होत आला. मग मान वर करून म्हणाली, "त्या दिशी गिरणीत दळाण टाकलं हुतं काय रं मी?"