एक बेट, दोन चित्रपट

दुसऱ्या महायुद्धावरचे चित्रपट इथे आपण बहुधा एकाच बाजूने पाहतो. क्लिंट ईस्टवुडने मात्र २००६ साली इवो जिमाच्या लढाईवर दोन चित्रपट काढले: ‘फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स’ अमेरिकन बाजूने, आणि बहुतांशी जपानी भाषेतला ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’ जपानी बाजूने. १९४५ च्या या लढाईत सुमारे ६,८०० अमेरिकन आणि त्याच्या दुपटीहून अधिक जपानी मारले गेले.

पहिल्यात झेंड्याच्या गाजलेल्या छायाचित्रावर युद्धरोखे कसे खपवले गेले, ते परखडपणे दाखवले आहे. तरी मला दुसरा सरस वाटतो. त्यात जखमी अमेरिकन सैनिकाच्या आईचे पत्र एक जपानी अधिकारी आपल्या शिपायांना वाचून दाखवतो. आपलीही आई असेच लिहिते, हे एका तरुण शिपायाला उमगते. आपणही गलबलतो.

मला खटकते ते पुढेच. जपानी लष्कराची स्वतःच्या शिपायांवरची जबरदस्ती यात दिसते; पण १९३७ साली त्याच लष्कराने नानकिंगमध्ये केलेल्या कत्तलीचा मागमूस नाही. कथा एका बेटापुरती आहे, हे मान्य. तरीही शेजारच्या खुर्चीत एखादा चिनी प्रेक्षक असेल, तर त्याचेही डोळे पाणावतील का? शिपायाबद्दल कणव वाटली म्हणून युद्धाचा हिशेब मिटत नाही. दोन बाजू दाखवल्या म्हणजे सगळ्या बाजू झाल्या, असेही नाही.

मोठ्या मुलांबरोबर दोन्ही चित्रपट जरूर पाहा. नंतर नानकिंगबद्दल मात्र आपणच त्यांना सांगायला हवे.