चिखलावरची यादी

ई-बर्डवरची चेकलिस्ट म्हणजे साहित्य नव्हे, हे मला मान्य आहे. तरी मी ती मजकूर म्हणूनच वाचते. आपल्या पिढीनं निसर्गाबद्दल जे काही लिहून ठेवलंय, त्यातलं बरंचसं याच साच्यात आहे: जागा, वेळ, चाललेलं अंतर, पक्ष्याचं नाव, आकडा. इतक्या लोकांनी इतक्या नेमानं चालवलेल्या लेखनप्रकाराची कुणी समीक्षा करू नये, हे मला पटत नाही.

उदाहरण माझ्याच यादीचं घेते. जानेवारीतला रविवार, अलिबागजवळचा आक्षीचा किनारा, सकाळी 7.20 ते 10.05. कुरव, सुरय, चिखल्या, तुतवार, कालवफोड्या. एका थव्यापुढे आकड्याच्या जागी नुसती फुली, कारण मोजायच्या आतच तो उडाला. शेवटाकडे कोतवाल.

खरं तर कोतवाल सगळ्यात आधी दिसला होता. सुरूच्या बनातून वाळूवर उतरतानाच. पण अ‍ॅप पक्षी दिसल्याच्या क्रमानं मांडत नाही, वर्गीकरणाच्या क्रमानं मांडतं. त्यामुळे दिवस मोडून पुन्हा रचला जातो. आधी काय झालं, नंतर काय झालं, कशामुळे काय झालं, हे सगळं गळून जातं. शिवाय हा मजकूर लिहून झाल्यावरही बदलत राहतो. 2023 मध्ये लेसर सँड प्लोव्हर या छोट्या चिखल्याच्या दोन जाती मानल्या गेल्या, सायबेरियन आणि तिबेटन, आणि अनेकांच्या जुन्या याद्यांमधली नावं त्यांनी हात न लावता बदलली.

तरीही या साच्यात दोन गोष्टी फार सुंदर आहेत. एक ती फुली. 'होते, पण किती ते सांगता येत नाही' एवढं एका खुणेत सांगण्याची सोय किती लेखनप्रकारांत आहे? दुसरी म्हणजे यादी पाठवताना विचारला जाणारा प्रश्न: ओळखू आलेले सगळे पक्षी तुम्ही नोंदवलेत का? 'हो' म्हटलं की यादीत नसलेल्या पक्ष्यांनाही अर्थ येतो. अशा पूर्ण याद्या वर्षानुवर्षं साठल्या की एखादा पक्षी दिसेनासा झाल्याचं त्यांतून कळतं, कुणीही कुठे शून्य लिहिलेलं नसताना.

नोंदीला कमी लेखायचं कारण नाही. मराठीतल्या सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या शिलालेखांपैकी एक याच आक्षीत आहे. त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण मजकूर दानाचा आहे: देवीला दिलेल्या धान्याची नोंद. कुणी, कुणाला, किती.

माझी तक्रार वेगळी आहे. या यादीत समुद्र नाही.

किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचा दिवस सूर्यापेक्षा पाण्यावर जास्त चालतो. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते किडे, शिंपले, खेकडे टिपतात; भरती चढली की उंच वाळूवर एकत्र येऊन थांबतात. कोकणात भरतीचा ढोबळ हिशोब तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट. त्या रविवारी अष्टमी होती. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे सहाच्या सुमारास भरती. आम्ही पोचलो तेव्हा पाणी उतरत होतं. शिवाय अष्टमीचा भांग, म्हणजे समुद्र फार मागे जाणार नव्हता. अमावास्येच्या उधाणाला याच जागी कितीतरी रुंद पट्टा उघडा पडतो. दोन्ही दिवसांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर वाचणाऱ्याला वाटेल, पक्षी घटले. हजारो याद्यांच्या बेरजेत हा फरक कदाचित पुसट होईल. एकट्या यादीत तो दिशाभूल करतो.

सलीम अलींनी 1930 च्या सुमाराला आक्षीच्या उत्तरेला, किहीमला, सुगरणींच्या विणीचा अभ्यास केला. पुढे 1941 साली आलेल्या त्यांच्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' या पुस्तकात पक्ष्याचा आकार चिमणी, बुलबुल, मैना, कावळा अशा ओळखीच्या पक्ष्यांच्या मापानं सांगितला आहे. त्यासोबत तो कुठे राहतो, काय खातो, कसा वागतो हेही. तिथे पक्षी वाक्यात राहतो. अ‍ॅपनं त्याला रकान्यात बसवलं. रकाना शोधायला सोपा, पण कारण सांगायला अपुरा.

आणि कारणाची गरज रोज वाढते आहे. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये घोषित झालं, 2022 मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. रामसरच्या निकषांत आकड्यांना वजन आहे: नेमानं 20,000 पाणपक्षी, किंवा एखाद्या जातीच्या संख्येतला एक टक्का. आपले आकडे तिथे उपयोगी पडतात. पण उरणच्या पाणजे पाणथळीबद्दल पर्यावरण कार्यकर्ते वर्षानुवर्षं जी तक्रार करताहेत, ती भरतीचं पाणी आत येण्याचे मार्ग बंद झाल्याची आहे. पाणी आत आलं की नाही, हा रकाना आपल्या यादीत कुठे आहे?

फोटोच्या नादात थवा उडवणं हीसुद्धा यादीत न येणारी गोष्ट. उडालेला थवा आकड्यात तितकाच भरतो. त्या उड्डाणाला लागलेली ताकद मात्र मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी साठवायची असते. सहा कालवफोडे शांतपणे खात होते की पळत होते, हे '6' वरून कळत नाही.

अ‍ॅपमध्ये टिप्पणीसाठी एक जागा असते. मी पाहिलेल्या बहुतेक याद्यांत ती रिकामी असते. माझ्या मते या लेखनप्रकाराचं भवितव्य त्या रिकाम्या चौकटीत आहे. तिथे मराठीत लिहिता येतं, आणि फार लिहावंही लागत नाही. त्या रविवारच्या यादीखाली मी लिहिलं ते एवढंच: "अष्टमी, पाणी उतरतं. वाळूवर दोन मोटारी. कुरवांचा थवा तीनदा उडाला. चौथ्यांदा उडाला तो परत बसला नाही."