विश्वास की नाइलाज?

डॉक्टरांवरचा विश्वास उडाला अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. मला त्याच्या आधीचा प्रश्न विचारायचा आहे. आपण ज्याला विश्वास म्हणत होतो, तो विश्वास होता का? त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा एक निकाल बघू.

प्रकरण १९९५ चं, दिल्लीतलं. चव्वेचाळीस वर्षांची अविवाहित स्त्री दुर्बिणीतून तपासणीसाठी खासगी दवाखान्यात दाखल होते. तिने सही केलेल्या कागदावर गर्भाशय काढण्याचा उल्लेख नाही. ती भुलीखाली असताना बाहेर थांबलेल्या आईची संमती घेतली जाते आणि गर्भाशय, अंडाशय काढले जातात. जिवाला तातडीचा धोका नव्हता; शुद्धीवर आल्यावर विचारता आलं असतं. न्यायालय म्हणालं, सज्ञान रुग्ण केवळ भुलीखाली आहे म्हणून आईची संमती चालणार नाही. इथपर्यंत निकाल पक्का आहे. (भरपाई पंचवीस हजार, ती मात्र मला खटकते.)

पण रुग्णाला किती सांगायचं, हे कोणी ठरवायचं? इथे न्यायालय कच खातं. डॉक्टर मंडळींत जेवढं सांगण्याची रीत आहे तेवढं पुरे, म्हणतं. कारण काय? तर आपले बहुसंख्य रुग्ण गरीब, निरक्षर. डॉक्टर ठरवतील ते निमूट स्वीकारतात. वर्णन खरं आहे हो. सरकारी इस्पितळाच्या व्हरांड्यात पडलेला माणूस वाद घालत नाही. पण का घालत नाही? दुसरीकडे जायची ऐपत नाही म्हणून! जिथे नाही म्हणायची सोयच नाही, तिथल्या होकाराला विश्वास कसं म्हणायचं? आणि त्या निमूटपणावरून नियम काढणं म्हणजे 'असं आहे' वरून 'असं चालेल' वर उडी मारणं. ह्यूम वाचलेल्या कुणालाही ही उडी दिसेल. गंमत म्हणजे, ज्या ब्रिटिश कसोटीचा आधार घेतला ती १९५७ ची. माहिती देण्यापुरती ब्रिटनने ती २०१५ साली सोडली. तिथे आता या रुग्णाला काय महत्त्वाचं वाटेल, हे बघतात.

डॉक्टर मित्र म्हणतात, 'सर, ओपीडीत एवढी रांग असते, समजावत कधी बसू?' अडचण खरीच आहे. पण ती डॉक्टरांच्या संख्येची अडचण झाली, रुग्णाच्या बुद्धीची नव्हे. पिशवी काढली तर पाळी थांबेल, मूल होणार नाही, हे कळायला बाईला अक्षरओळख लागत नाही.