अपघाताची यांत्रिक नोंद आणि चालकाचा खाजगीपणा : एक परीक्षण

यवतमाळ जिल्ह्याचा व्यवहार मुख्यतः रस्त्याने चालतो. वणी परिसरातील कोळसा, पांढरकवड्याकडील कापूस आणि रात्रीच्या आरामगाडीतून पुण्याकडे निघालेला विद्यार्थी किंवा नोकरदार, या सर्वांची वाहतूक बहुधा पगारी चालकाच्या हातून होते. म्हणूनच वाहनात बसविलेल्या नोंदयंत्राचा प्रश्न येथे केवळ मोटारमालकाच्या खाजगीपणाचा राहत नाही. तो चालकाच्या उपजीविकेचा आणि अब्रूचा प्रश्न होतो. या यंत्राविषयी दोन मते प्रचलित आहेत. यंत्र हा निःपक्षपाती साक्षीदार असून प्रामाणिक चालकाला त्याचे भय बाळगण्याचे कारण नाही, असे एक मत. यंत्र म्हणजे चालकाच्या पाठीशी बसविलेला हेर होय, असे दुसरे. दोन्ही मतांत एक समान गृहीत आहे. यंत्र जे सांगते ते संपूर्ण असते, असे दोघेही मानून चालतात. प्रस्तुत परीक्षणाचा रोख या गृहीतावर आहे.

प्रथम यंत्राचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. ‘इव्हेंट डेटा रेकॉर्डर’ या नावाने ओळखले जाणारे हे साधन सामान्यतः एअरबॅगच्या नियंत्रकातच अंतर्भूत असते. ते अखंड इतिहास लिहीत नाही. गेल्या काही सेकंदांची माहिती ते सतत गोळा करते व सतत पुसते. जोराचा धक्का बसला म्हणजे मात्र तेवढा तुकडा कायम होतो. त्यात वाहनाचा वेग, ब्रेक दाबला होता की नाही, प्रवेगकाची स्थिती, आसनपट्टा बांधला होता की नाही, अशा गोष्टी असतात. अमेरिकेतील २००६ च्या नियमाने धडकेपूर्वीच्या ५ सेकंदांची नोंद ठरविली होती. २०२४ च्या दुरुस्तीने ती मर्यादा २० सेकंदांपर्यंत वाढविली. याहून वेगळे साधन म्हणजे स्थाननिर्देशक यंत्र. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१६ साली १२५-एच हा नियम घालण्यात आला आणि १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या प्रवासी सेवावाहनांना स्थाननिर्देशक व आपत्कालीन कळ सक्तीची झाली. दुचाकी, तीनचाकी व ई-रिक्षा यांना त्यातून सूट मिळाली. पहिले यंत्र क्षणाचे साक्षीदार आहे, दुसरे प्रवासाचे. या दोहोंची गल्लत केल्याने चर्चेत पुष्कळ घोटाळा झालेला आहे.

क्षणाच्या नोंदीचे महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेले उदाहरण चारोटीचे होय. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात, अहमदाबाद-मुंबई महामार्गावरील सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी मृत्यू पावले. मोटार मर्सिडीझ-बेंझ कंपनीची होती. कंपनीने मोटारीतील नोंदीच्या आधारे पोलिसांना प्राथमिक अहवाल दिला आणि थोड्याच दिवसांत त्यातील आकडे वृत्तपत्रांत आले : धडकेच्या ५ सेकंद आधी वेग ताशी १०० किलोमीटर होता, तेव्हा ब्रेक दाबण्यात आला व धडकेच्या वेळी वेग ८९ होता.

हे आकडे वाचकाला निर्णायक वाटले. परंतु ते वाचून किती समजते, हे पाहण्याजोगे आहे. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. कोरड्या रस्त्यावर ब्रेक पूर्ण दाबल्यास आधुनिक मोटार या वेगावरून साधारणपणे चार सेकंदांच्या आत थांबते. मग पाच सेकंद ब्रेक दाबलेला असूनही वेग अकरानेच कसा घटला? एक तर ब्रेक हलकेच दाबला गेला असेल, किंवा पाच सेकंद हे वेगाच्या पहिल्या नोंदीचे माप असून ब्रेक प्रत्यक्षात त्यानंतर दाबला गेला असेल. पहिल्या वाचनात चालकाला धोका दिसला नव्हता असे निष्पन्न होते. दुसऱ्यात धोका दिसला पण उशिरा दिसला असे. दोन्ही वाचनांत दोषाचे माप भिन्न येते. प्रसिद्ध झालेल्या आकड्यांवरून यांपैकी एकाची निवड करता येत नाही. आकडा स्वतः बोलत नाही. त्याच्याकडून कोणीतरी बोलवून घेते.

शिवाय पुलाजवळ महामार्गाची रुंदी कमी होते आणि कठड्याची भिंत कडेच्या मार्गिकेत आलेली आहे, याची चर्चा पुढील तपासात झाली. यंत्राला पायाखालचा ब्रेक ठाऊक असतो, समोरची भिंत ठाऊक नसते. ज्या साधनाची रचनाच चालकाच्या कृती टिपण्यासाठी झाली आहे, त्याच्या नोंदीत रस्ता बांधणाऱ्याचा दोष उमटणार नाही, हे उघड आहे. निःपक्षपातीपणा येथे खोटा नव्हे. पण तो विचारलेल्या प्रश्नांपुरताच आहे.

दुसरा अपघात यवतमाळच्या अधिक निकटचा. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळखुटा येथे नागपूरहून पुण्याकडे निघालेली खाजगी आरामगाडी उलटून पेटली व २५ प्रवासी मरण पावले. गाडीवर यवतमाळचे एम.एच. २९ हे नोंदणीचिन्ह होते. टायर फुटल्याने ताबा सुटला, असे चालकाने सांगितले. परिवहन विभागाच्या तपासणीत त्याला पुष्टी मिळाली नाही. महामार्गावर प्रवेश केल्याची वेळ व अपघाताची वेळ यांवरून सरासरी वेगही काढण्यात आला. चारोटीला शेवटच्या क्षणाची नोंद होती, पण तिचा अर्थ लावणे अवघड होते. येथे प्रवासाची सरासरी होती, पण सरासरीत शेवटचा क्षण बुडून जातो. मृतांच्या आप्तांना सत्य हवे असते आणि तो त्यांचा हक्क आहे. खाजगीपणाच्या नावाखाली नोंदच नको म्हणणारा पक्ष या हक्कापुढे टिकत नाही. परंतु नोंद हवी एवढे म्हणून प्रश्न सुटत नाही. मध्यरात्रीनंतर एक वाजता चाकामागे बसलेला मनुष्य किती तास जागा होता, त्याला विश्रांती कोणी दिली किंवा नाकारली, या प्रश्नांची उत्तरे पाच सेकंदांच्या तुकड्यात सापडत नाहीत. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने दिवसाचे आठ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घातली होती. पण अपघात-नोंदयंत्र ती पाळली गेली की नाही हे पाहत नाही.

आता कायद्याकडे वळू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. हे तत्त्व उदात्त आहे. पगारी चालकापर्यंत येताना मात्र ते क्षीण होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाच्या सातव्या कलमात नोकरीच्या प्रयोजनासाठी, तसेच मालकाला हानी किंवा दायित्वापासून वाचविण्यासाठी, संमतीविना माहिती वापरण्याची मुभा आहे; सतराव्या कलमाने गुन्ह्याच्या तपासासाठीही मोठी सवलत ठेवली आहे. म्हणजे स्वतःची मोटार चालविणाऱ्याला संमतीचे जे कवच आहे, ते दुसऱ्याची गाडी चालविणाऱ्याच्या बाबतीत फार पातळ होते. २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेल्या नियमांचा अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा असला, तरी मूळ विषमता कलमातच आहे.

स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसावी, या घटनेच्या विसाव्या अनुच्छेदातील संरक्षणाचा आधार घ्यावा, तर मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या १९६१ च्या निर्णयाची आठवण होते. आपल्या ज्ञानातील गोष्ट सांगणे ही साक्ष; बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे ही साक्ष नव्हे, असा भेद तेथे करण्यात आला. मोटारीची नोंद या भेदानुसार ठशांच्या बाजूला पडेल, असे मानण्यास जागा आहे. तथापि ठसा पाहण्यास जो तज्ज्ञ लागतो तो निर्मात्याचा नोकर नसतो. मोटारीच्या नोंदीचे वाचन मात्र अनेकदा निर्मात्याच्याच साधनांवर अवलंबून असते, आणि ब्रेक किंवा एअरबॅग सदोष असल्यास तो निर्माता स्वतःच प्रतिपक्ष ठरू शकतो. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात न्यायालयाने २०२० साली विद्युतीय पुराव्यास प्रमाणपत्राची आवश्यकता दृढ केली; प्रमाणपत्र नोंदीची अस्सलता सांगते, तिच्या अर्थाची ग्वाही देत नाही.

अन्य देशांत हा प्रश्न दोन मार्गांनी हाताळला गेला. अमेरिकेच्या २०१५ च्या कायद्याने नोंद ही वाहनाच्या मालकाची किंवा भाडेपट्टेदाराची मालमत्ता ठरविली. युरोपीय संघाने २०२२ पासून नव्या नमुन्यांच्या व २०२४ पासून सर्व नव्या मोटारींत यंत्र सक्तीचे केले, पण नोंदीतून व्यक्तीची ओळख पटू नये अशी अट घातली. पहिला मार्ग यवतमाळच्या चालकाला निरुपयोगी आहे, कारण तो मालक नाही. दुसरा संशोधनास योग्य असला तरी ज्याच्यावर खटला उभा आहे त्याला अपुरा आहे. अधिक बोधप्रद उदाहरण युरोपातील मालमोटारींच्या टॅकोग्राफचे आहे. तेथे चालकाच्या नावाचे कार्ड चालकाजवळ असते. गाडी चालविण्याचे व विश्रांतीचे तास त्यावर नोंदले जातात. मालकाला ही नोंद वर्षभर जपावी लागते व मागणी केल्यास चालकाला तिची प्रत द्यावी लागते. चालकावर पाळत ठेवणारे तेच साधन मालकाच्या जबरदस्तीविरुद्ध चालकाचा पुरावा होते.

यावरून खाजगीपणाची प्रचलित कल्पनाच थोडी बदलावी लागते. पगारी चालकाच्या बाबतीत खाजगीपणा म्हणजे न दिसण्याचा हक्क नव्हे. प्रवाशांचे प्राण हाती असलेल्याला तो मागताही येणार नाही. आपल्याविषयी जे लिहिले गेले ते वाचण्याचा, त्याच्या अर्थावर वाद घालण्याचा आणि जे लिहिले जायला हवे होते पण लिहिले गेले नाही त्याची मागणी करण्याचा हक्क, असा त्याचा आशय आहे. या कसोटीवर आजची व्यवस्था उणी पडते. ती चालकाचे शेवटचे पाच सेकंद जपून ठेवते आणि त्यापूर्वीचे पंधरा तास विसरून जाते. साक्षीदाराने काय सांगितले याइतकेच त्याला काय विचारले गेले नाही हेही न्यायाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. यंत्र साक्षीला उभे राहिल्याने हा नियम बदलत नाही.