झाडीबोली, रंगमंच आणि कुमारवयीन मन

झाडीपट्टीच्या रंगभूमीविषयी जे लिहिले जाते त्यात तिच्या लोकप्रियतेचे कौतुक पुष्कळ असते. तिच्या भाषेची चिकित्सा मात्र क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात त्या भाषेचा एकच पैलू विचारार्थ घेतला आहे. ह्या नाटकांत कोणते पात्र कोणती मराठी बोलते, आणि प्रेक्षकांत बसलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींनी त्या वाटणीवरून स्वतःविषयी काय समजावे, हा तो पैलू होय.

लाखांदूर हा भंडारा जिल्ह्यातील वैनगंगेकाठचा, धानाचा तालुका. त्याच्या दक्षिणेस लागूनच गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे नाटकमंडळ्यांचे प्रमुख ठाणे आहे. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालते. नायक, नायिका, वकील, फौजदार ही मंडळी बहुधा प्रमाण मराठीत बोलतात. झाडीबोली येते ती घरगड्याच्या, वेंधळ्या शेजाऱ्याच्या किंवा खाष्ट म्हातारीच्या तोंडी, आणि ती येताच मंडपात हशा पिकतो. अपवाद आहेत, पण ते अपवादच. विनोदी नटाच्या कलेस उणेपणा आणण्याचा येथे हेतू नाही. विनोदी भूमिकांसाठी ख्यातनाम असलेल्या परशुराम खुणे ह्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती यथायोग्यच होय. प्रश्न नटाचा नसून नाटककाराचा आहे. दंडारीत गावची बोली अंगणात वावरावी तशी वावरत असे. पुण्यामुंबईच्या संगीत नाटकाचा साचा आला तेव्हा गंभीर भाव प्रमाण भाषेकडे गेला व बोलीकडे केवळ हसविण्याचे काम उरले, असे दिसते.

वास्तविक ह्या बोलीत हसण्याजोगे काय आहे? तिच्यात ‘ण’ नाही, म्हणून ‘पाणी’चे ‘पानी’ होते. ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो, म्हणून ‘डोळा’ हा ‘डोरा’ होतो. वऱ्हाडीत त्याच ठिकाणी ‘य’ येऊन ‘डोया’ होतो. (मुंबईचे चित्रपटकार साऱ्या विदर्भास एकच वऱ्हाडी बोलावयास लावतात, हा आणखी एक साचा.) हे बदल नियमबद्ध आहेत, आणि जेथे नियम आहे तेथे चुकीची भाषा करणे शास्त्रास धरून नाही. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने १९०५ साली ह्या मुलखाच्या मराठीस ‘नागपुरी’ ह्या नावाखाली मराठीचे एक रूप म्हणून नोंदविले. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर ह्यांनी तर झाडीबोलीचा कोश सिद्ध केला. शास्त्राने तिला भाषा मानले. तिची भाषकमंडळी मात्र अद्याप तसे मानावयास कचरतात.

हा कचरलेपणा कसा रुजतो ह्याचे उत्तम प्रात्यक्षिक १९६० साली लॅम्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी माँट्रियल येथे दाखविले. एकच व्यक्ती दोन भाषांत बोलली. श्रोत्यांस वाटले, बोलणारे दोघे आहेत. फ्रेंचभाषक श्रोत्यांनीच इंग्रजीतील आवाजास अधिक गुणी ठरविले व आपल्याच भाषेतील आवाजास खालचे स्थान दिले. म्हणजे साचा बाहेरून लादला जातो हे अर्धेच सत्य. तो आतून उचलून धरला जातो. हॉफ व पांडे ह्यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांस चक्रव्यूहाची कोडी घातली. जात उच्चारली नव्हती तोवर मुलांच्या कामगिरीत लक्षणीय अंतर दिसले नाही. सर्वांसमक्ष ती जाहीर करताच खालच्या मानलेल्या जातींतील मुलांची कामगिरी घसरली. बुद्धी तीच, मुलगा तोच. बदलले ते फक्त त्याच्याविषयीचे मत खोलीत उपस्थित असणे.

आमच्या मुलखात हे मत उच्चारातून उपस्थित होते. जात लपविता येईल, ‘डोरा’ कसा लपवावा? लपविण्याच्या धडपडीतून ‘मन’चे ‘मण’ व ‘नमन’चे ‘णमण’ होते. ह्या अतिशुद्धीवर आणखी हशा होतो, आणि मग तो विद्यार्थी वर्गात बोलणेच सोडतो. शिक्षक त्यास मठ्ठ म्हणतात. माझ्या मते हे मौन म्हणजे मठ्ठपणा नसून सततच्या पहाऱ्याचा शीण होय. बोलण्याआधी प्रत्येक शब्द चाळून घ्यावा लागणाऱ्या मुलाजवळ विचारासाठी किती बळ उरणार?

उपाय म्हणून ‘आपल्या बोलीचा अभिमान बाळगा’ असा उपदेश केला जातो. तो सद्हेतूचा असला तरी फोल आहे, कारण अभिमान आज्ञेने येत नाही. त्यापेक्षा आठवीच्या वर्गात ‘ळ’ आणि ‘र’ ह्यांचा नियम फळ्यावर मांडावा व मुलांकडूनच उदाहरणे गोळा करवावीत. परीक्षेसाठी प्रमाण रूपही शिकवावे, पण दुसरी वेशभूषा म्हणून, पहिलीचा कलंक धुण्यासाठी नव्हे. साच्याचा दाब कसा पडतो हे आधी समजावून सांगितल्याने तो दाब उणावतो, असे जॉन्स, श्मेडर व मार्टेन्स ह्यांना २००५ च्या गणितविषयक प्रयोगात आढळले होते. अशा प्रयोगांच्या परिणामाच्या प्रमाणाविषयी पुढे मतभेद झाले आहेत. तथापि समजावून सांगण्यास खर्च तो काय? अर्थात ज्या मुलाची झोप उडाली आहे, ज्याला जीव नकोसा झाला आहे, त्याला व्याकरण पुरे पडणार नाही. त्यास वैद्यकीय साहाय्यच हवे. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून त्यासाठीच आहे, आणि तिचा क्रमांक शाळेच्या भिंतीवर असावयास हवा.

रंगभूमीचे काम ह्याहून निराळे आहे. ‘सैराट’ने २०१६ साली करमाळ्याकडची बोली नायक-नायिकेच्या तोंडी घातली व महाराष्ट्राने ती प्रेमाची भाषा म्हणून ऐकली. झाडीपट्टीच्या नाटककारास इतकीही मोठी उडी घ्यावयास नको. तिसऱ्या अंकात बाप मुलीस सासरी धाडतो, तो एकच प्रवेश त्याने झाडीबोलीत लिहून पाहावा. निर्माता म्हणेल, लोक हसतील. पहिल्या रात्री कदाचित हसतीलही. परंतु ह्या मंडळ्यांचे प्रयोग होळीपर्यंत चालतात.